घरी कळवतात का?

"काकू, तिथं फोन केला तर घरी कळवतात का?"

शेजारच्या बारावीतल्या मुलानं जिन्यातच विचारलं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी त्याला लिहून दिला होता. फोन फुकट, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं, सगळं सांगून झालं. त्याचं लक्षच नव्हतं. सीईटीपेक्षा मोठी धास्ती आईबाबांना कळण्याची!

"बोलणं गुप्त ठेवतात रे," म्हटल्यावर त्यानं चिठ्ठीची घडी घालून मोबाइलच्या कव्हरमागे सरकवली.

दिवसभर तेच डोक्यात आहे. क्लासची फी आपण कर्ज काढून भरतो, आणि पोरगं समुपदेशकाकडे गेलं की 'लोक काय म्हणतील'. ही सरकारी सेवा २०२२ पासून सुरू आहे. तुमच्या मुलांच्या कॉलेजात नोटीस बोर्डावर हा नंबर लावलाय का? बघून सांगाल?