आमची वाटचाल : दुरुस्तीला परत आलेल्या बटणांमुळे

सुरुवातीला आमचं काम सरळ होतं. ज्यांना कीबोर्ड किंवा माउस हाताने चालवता येत नाही त्यांच्यासाठी मोठं बटण बनवायचं, वायर जोडायची आणि खोक्यात भरून पाठवायचं. आज बटण बनवण्यात आमचा सगळ्यांत कमी वेळ जातो. काय परत आलं आणि का आलं, हे दुरुस्तीच्या टेबलावर बघत बघत बाकीचं काम वाढत गेलं.

बटणात फारसं काही नसतं. साधारण 60 ते 65 मिलिमीटर व्यासाची टोपी, खाली मायक्रोस्विच म्हणजे हलक्या दाबाने चालणारा छोटा खटका, दोन तारांची वायर आणि टोकाला 3.5 मिलिमीटरची मोनो पिन, म्हणजे जुन्या हेडफोनच्या मापाचीच. मायक्रोस्विचला बहुधा तीन पाय असतात. त्यातले ‘कॉमन’ (सामाईक) आणि ‘नॉर्मली ओपन’ (दाबल्यावरच जोडला जाणारा) हे दोनच वापरायचे. तिसऱ्याला वायर लागली की बटणाला जोडलेलं खेळणं आपोआप चालू राहतं आणि दाबल्यावर बंद पडतं.

परत आलेल्या बटणांत स्विच मेलेला क्वचितच निघतो. तुटलेली असते ती वायर, आणि तीही दोनच ठिकाणी : पिनेच्या मानेशी, नाहीतर डब्यातून बाहेर पडते तिथे. बटण वायरीला धरून उचललं जातं, शिवाय व्हीलचेअरचं चाक वायरीवरून जातं. म्हणून आता वायर डब्यात शिरली की लगेच आतून गाठ मारतो. ओढ गाठीवर येते, सोल्डर वाचतं. वायरही बारीक तारांची, मऊ घेतो. एकेरी जाड तार चार-दोनदा वाकली की आतल्या आत तुटते आणि बाहेरून काही कळत नाही.

दुसरी तक्रार विचित्र असायची : ‘बटण न दाबताच कर्सर पळतो.’ बटण संगणकाला जोडणाऱ्या काही यूएसबी जोडण्यांत दोन बटणांसाठी एकच स्टिरिओ सॉकेट असतं. त्यात मोनो पिन घातली की सॉकेटमधला दुसऱ्या बटणाचा संपर्क पिनेच्या बुडाला, म्हणजे सामाईक तारेला टेकतो, आणि दुसरं बटण कोणीतरी कायमचं दाबून धरलंय असं संगणकाला वाटतं. बटणात काही दोष नसतो. अशा सॉकेटला दोन फाट्यांची वायर लावली की काम होतं.

जोडणी आम्ही स्वतःही बनवतो. यूएसबी कीबोर्ड म्हणून ओळखला जाणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतला की बटण दाबल्यावर ‘स्पेस’ किंवा ‘एंटर’ पाठवता येतं. धातूचा संपर्क जुळताना क्षणभर थरथरतो, त्यामुळे एका दाबाचे दोन-तीन दाब नोंदले जातात. ते टाळायला 20 ते 50 मिलिसेकंद दुर्लक्ष करायला सांगणं पुरतं. हात थरथरणाऱ्या माणसाला मात्र तेवढ्याने काहीच फरक पडत नाही. तिथे अर्ध्या सेकंदापर्यंत, कधी त्याहून जास्त, दुसरा दाब नाकारावा लागतो. या दोन थरथरी एकच समजल्या की सेटिंग कितीही बदला, कोणी समाधानी होत नाही.

खेळण्यांना बटण जोडायला बॅटरीच्या तोंडाशी सरकवायची तांब्याची चकती वापरतात : दोन पातळ चकत्या, मध्ये इन्सुलेशन. चालू-बंदचा खटका असलेल्या खेळण्यात ती उत्तम चालते. एकदा दाबून सुरू करायच्या खेळण्यात मात्र ती नुसती वीज तोडते-जोडते, खेळणं जागं होत नाही. ते उघडून त्याच्याच बटणाच्या दोन टोकांना सॉकेट जोडावं लागतं.

पण चालू स्थितीतली बटणंही कपाटात पडून राहायची, आणि त्याचं उत्तर टेबलावर नव्हतं. ते खुर्चीत होतं.

माणूस घसरून बसला असेल, पाय लोंबकळत असतील, तर हाताची सगळी ताकद तोल सांभाळण्यात जाते. त्यामुळे आधी कंबर मागे टेकवायची आणि पायांखाली आधार द्यायचा. बटण त्यानंतर. मग पाहायचं की कोणती हालचाल स्वतःहून होते, दर वेळी होते, आणि दाबल्यावर सोडताही येते. सोडणं विसरलं जातं. कित्येकांना दाबणं जमतं, हात उचलणं जमत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही मुलांची मान डावीकडे वळली की डावा हात आपोआप ताठ होतो. बटण डावीकडे ठेवलं, मुलाने त्याकडे पाहिलं, की हात फेकला जातो आणि सगळ्यांना वाटतं, जमलं! तो प्रतिक्षेप असतो, म्हणजे मुलाने न ठरवता होणारी हालचाल. बटण मध्याशी आणून पुन्हा पाहायचं. डोक्याने दाबायचं असेल तर दाबताना नजर पडद्यावरून हलत नाही ना, हेही तपासायचं.

जागा नक्की होईपर्यंत बटण हातात धरतो किंवा वेल्क्रोने चिकटवतो. मानेसारखा वळणारा लवचीक दांडा आम्ही बंद केला. प्रत्येक दाबाला तो जरासा खाली जातो आणि सकाळी जमणारं काम दुपारी जमेनासं होतं. आता आवळता येणाऱ्या सांध्यांचा हात लावतो आणि प्रत्येक सांध्यावर रंगीत टेपची खूण करतो, म्हणजे खुर्ची घडी करून पुन्हा लावली तरी बटण जिथल्या तिथे येतं.

एका बटणावर सगळं चालवायचं म्हणजे स्कॅनिंग. पडद्यावर एक चौकट एकेका पर्यायावरून सरकते, हव्या त्यावर आली की दाबायचं. वेग किती ठेवायचा याचा हिशेब आहे : दाबायला लागणारा सरासरी वेळ मोजा आणि 0.65 ने भागा. 1.3 सेकंद लागत असतील तर चौकट 2 सेकंद थांबली पाहिजे. पहिल्या पर्यायावर थोडा जास्त वेळ द्यावा, नाहीतर तो नेहमी हुकतो. शेजारी बसलेल्यांना हे संथ वाटतं आणि ते वेग वाढवतात. सेटिंगला पासवर्ड टाकायला आम्ही त्यातूनच शिकलो.

बोलण्यासाठी टॅब्लेट वापरणाऱ्यांच्या फलकावर, म्हणजे पडद्यावरच्या शब्दांच्या चौकोनांत, फक्त वस्तूंची नावं भरली की माणूस मागण्यापलीकडे जात नाही. ‘अजून’, ‘नको’, ‘थांब’, ‘मदत’, ‘मला’, ‘झालं’ असे शब्द आधी हवेत, आणि त्यांची जागा पुढे कधीच बदलायची नाही, कारण बोटाला जागा पाठ होते. नवे शब्द लागणार म्हणून रिकामे चौकोन आधीच सोडायचे. बोलता बोलता घरच्यांनीही त्याच फलकावर बोट ठेवत जावं. शब्द समोर कोणी वापरलेच नाहीत तर शिकणारा ते उचलणार कुठून?

बोट घसरू नये म्हणून टॅब्लेटच्या पडद्यावर 3 मिलिमीटर अॅक्रिलिकची भोकांची जाळी बसवतो. माप टॅब्लेटचं कव्हर चढवूनच घ्यायचं. आणि अॅपचं आपोआप अपडेट बंद करायचं. मांडणी अर्धा सेंटिमीटर सरकली तरी जाळी निकामी.

पडदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम आमच्याकडे थोडंच आहे. 2006 साली सुरू झालेलं एनव्हीडीए मोफत मिळतं, त्यामुळे विकण्यासारखं काही नसतं, शिकवण्यासारखं पुष्कळ असतं. ‘मराठी वाचत नाही’ ही तक्रार आली तर आधी मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये करून पाहा. अक्षरांच्या जागी इंग्रजी कचरा दिसला तर फाइल युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे, म्हणजे दिसायला मराठी, पण आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच. ती बदलून घ्या, सॉफ्टवेअर ठीक आहे.

आता प्रत्येक टॅब्लेटसोबत त्याच मांडणीचा कागदी फलक जातो, तोही मॅट लॅमिनेशनचा. चकचकीत असेल तर उजेडात चित्रं दिसत नाहीत. आंघोळ करताना, कडक उन्हात आणि चार्जर विसरल्यावर तोच उपयोगी पडतो.