टूंडा हार्बरला आज दोघं दिसले

आज सकाळी ब्रिस्बेनजवळ क्लीव्हलँडला टूंडा हार्बरला गेले होते, ओहोटीची वेळ बघूनच गेले कारण मला ईस्टर्न कर्ल्यू हा चिखलात चरणारा लांब चोचीचा पक्षी बघायचा होता. पार्किंगच्या वर निलगिरीच्या फांदीत कोआला झोपलेला, खाली दहा-बारा माणसं मोबाईल वर करून उभी, आणि समोर चिखलात एकटा कर्ल्यू, त्याच्याकडे कोणाचं लक्षच नाही! चोच बघितली आणि थक्क झाले, वीतभर लांब, खाली वाकलेली, ती पार मुळापर्यंत चिखलात घातली आणि खेकडा ओढून काढला, पाय झटकून तोडले आणि गिळला.

कोआलाला इथे 2022 मध्ये एन्डेंजर्ड (धोक्यात आलेला) ठरवलं, कर्ल्यूला त्याच्याही आधी 2015 मध्ये क्रिटिकली एन्डेंजर्ड (अतिशय धोक्यात आलेला). म्हणजे याची अवस्था जास्त वाईट, पण बातमी कोआलाचीच होते. कोआलाची झाडं तोडली तर ती डोळ्यांना दिसतात हो, पण हा पक्षी रशियातून दहा हजार किलोमीटर उडत येतो, वाटेत चीन-कोरियाजवळच्या पीत समुद्राकाठी (यलो सी) चरायला थांबतो आणि तिथलाच बराचसा चिखल भराव टाकून संपवलाय, ते इथे बसून कोणाला दिसणार?

याच किनाऱ्यावर हजारो फ्लॅट आणि मरीना (खाजगी बोटींचा धक्का) होणार होतं, लोक वर्षानुवर्षं लढले आणि 2024 मध्ये तो प्रस्ताव मागे घेतला गेला. खूप बरं वाटलं.

शेजारच्या छोट्या मुलीला दुर्बीण दिली, ती कोआला सोडून बराच वेळ चिखलाकडेच बघत बसली.