टोपडं, दुपटं आणि कल्याण लोकल

बहिणीच्या लेकीचं बारसं रविवारी. टोपडं अजून अर्धंच, म्हणून आज लोकलमध्येच सुया काढल्या. १० नंबरच्या सुया, ८० टाके, दोन सुलट दोन उलट. चौथ्या सीटवर कोपर हलवायलाही जागा नसते, तरी दादरपर्यंत चार ओळी झाल्या. मग घाटकोपरच्या गर्दीत धक्का लागला आणि एक टाका सुटून थेट तीन ओळी खाली घसरला. पोटात धस्स झालं! शेजारच्या काकूंनी काही न बोलता केसातली पिन काढली आणि एकेक धागा उचलत टाका परत सुईवर आणून ठेवला. नाव विचारायच्या आत ठाण्याला उतरल्यासुद्धा. काकू, मनापासून आभार.

घरी स्वयंपाक, लेकाचा अभ्यास, उद्याची भाजी निवडणं. साडेदहाला दुपटं हातात घेतलं. आईच्या सुती साडीचं आहे, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. सगळे म्हणतात, बाजारात तयार सेट मिळतो की. मिळतो, पण बाळाच्या अंगाला पहिल्यांदा तिच्या आजीची साडी लागावी असं मला फार वाटतं. धावदोऱ्याच्या दोन ओळी घातल्या. काठाच्या दोन बाजू अजून राहिल्यात.