रिकामटेकड्याची वाट

यंदा गणपतीत गावी गेलो तर व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, उतरणाऱ्या पाखाडीच्या (चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या वाटेच्या) तोंडाशी लोखंडी गेट. निळा रंग, भलं मोठं कुलूप आणि वर पाटी: ‘खाजगी मालमत्ता. आत शिरल्यास कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ पाखाडीचे चिरे कुणाच्या पणजोबांनी बसवले हे गावात कुणी सांगू शकत नाही, गेट कुणी बसवलं ते मात्र पोरासोरांनाही ठाऊक आहे. बाग विकली गेली, घेणाऱ्याने मोजणी आणली, मे महिन्यात चारी बाजूंनी गडगा (दगडी कुंपण) घातला आणि पाखाडी आत गेली. देवराईकडे किंवा खालच्या कोंडीवर (डोहावर) जायचं तर आता डांबरी रस्त्याने मोठा वळसा.

गावातल्यांपेक्षा मीच जास्त तडकलो. काकांना त्याची गंमत वाटली. पण मी राहतो त्या स्कॉटलंडमध्ये लोकांना अडवायला अशी पाटी लावणंच बेकायदा आहे, हे त्यांना कसं सांगावं?

ग्लासगोला राहायला गेल्यापासून सुट्टी आणि उघडीप एकाच दिवशी जुळून आली की मी क्लाईड नदीच्या घळीत चालायला जातो. न्यू लॅनार्क या जुन्या गिरणगावापासून वाट नदीकाठाने वर चढते. दोन्ही अंगांना दाट झाडी, खाली खडकांतून घुसळत जाणारं पाणी, मध्ये मध्ये लाकडी फळ्यांची पायवाट. हे राखीव जंगल स्कॉटिश वाइल्डलाइफ ट्रस्ट सांभाळतं. कड्यांवर बहिरी ससाणे घरटी करतात. सगळ्यांत मोठा धबधबा कोरा लिन, उंची 84 फूट. आंबोली पाहिलेल्यांनी खुशाल हसावं, मीही हसलो होतो. त्यात वरचं पाणी 1927 पासून वीज करायला वळवलेलं, त्यामुळे एरवी धबधबा रोडावलेलाच असतो. वीजकेंद्र बंद ठेवून पाणी सोडतात त्या दिवशी तो पाहायला लोक मुद्दाम येतात. आपल्याकडे आषाढात कुठल्याही घाटात गाडी थांबवली तरी याहून जास्त पाणी अंगावर येतं.

गिरणगावाचा मात्र मला हेवा वाटतो. 1785 ची सूतगिरणी, 1968 ला बंद पडली, 2001 ला जागतिक वारसा झाली. कामगारांच्या चाळी तशाच उभ्या आहेत, पैकी काहींत आजही लोक राहतात. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते. त्यांच्या गिरणीच्या जागी आता काय आहे, ते मान वर करून बघावं लागतं. असो.

तर तो कायदा. स्कॉटलंडच्या पार्लमेंटने 2003 साली जमीन सुधारणा कायदा केला. जमीन सरकारी असो की कुणा उमरावाची हजारो एकरांची, त्यावरून पायी, सायकलवर किंवा घोड्यावर जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. का चाललास, कुठे चाललास, हे कुणी विचारायचं नाही. नदीत पोहायलाही चालतं. अट इतकीच की जबाबदारीने वागा: घराच्या परसात घुसू नका, उभ्या पिकातून जाऊ नका, गाडी नेऊ नका, शिकार करू नका, कुत्रा ताब्यात ठेवा. आणि ज्यासाठी हे सगळं लिहितोय तो मुद्दा: लोकांना अडवायच्या हेतूने मालकाने पाटी लावली, कुंपण घातलं, तर स्थानिक कौन्सिल ते काढायला सांगू शकतं. नाही काढलं तर स्वतः काढून खर्च मालकाकडून घेऊ शकतं. कुंपणं तिथेही आहेतच, मेंढरांसाठी. पण वाट आली की कुंपणाला एक गंमतशीर झुलतं फाटक असतं, त्यातून माणूस अंग चोरून जातो आणि मेंढरू अडतं. आपलं बेडं (कुंपणातलं साधं फाटक) याच अकलेने केलेलं असायचं, त्याला कुलूप लावल्याचं मी कधी पाहिलं नाही.

काकांनी पडवीत बसून हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मगे तेंची कलमां कोण राखता?” तिथे आंब्याची कलमं नाहीत म्हटल्यावर त्यांनी निकालच दिला: “आंबे नाय मां, म्हणान असले कायदे!”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याही बागेला कुंपण आहेच. पण ते डुकरांसाठी आणि मोकाट गुरांसाठी. शिवाय आमच्या बागेतून कुणाची वाट कधी नव्हती, त्यामुळे त्याची गोष्ट निराळी.

आणि आपल्याकडे कायदाच नाही असंही नाही. पूर्वापार वहिवाट कुणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदार ती मोकळी करून देऊ शकतो. ज्याच्या शेताला वाटच नाही त्याला जमीन महसूल संहितेचं कलम 143 बांधावरून वाट देतं. त्यातला 1906 चा, इंग्रजांच्या वेळचा कायदा अजून चालतो, हेही काही कमी नाही. फरक एवढाच की हे दोन्ही कायदे शेतावर जाणाऱ्याला विचारतात: तुझं तिकडे काम काय? काम असेल त्याला वाट. नुसता व्हाळ बघायला, कुर्ल्या धरायला, देवराईत सावलीला बसायला जाणारा रिकामटेकडा त्यात कुठेच बसत नाही. स्कॉटलंडने कायदा केला तो नेमका त्याच रिकामटेकड्यासाठी.

तिथलं सगळं गोड आहे असं समजू नका. कुत्र्याची घाण इमानदारीने पिशवीत भरायची आणि ती पिशवी झाडाच्या फांदीला टांगून निघून जायचं, हा प्रकार मी त्याच राखीव जंगलात पाहिला आहे. शिवाय हक्क वगैरे ठीक, पण आमच्या देवराईत एकही पाटी, ट्रस्ट वा पगारी रखवालदार नसताना झाडाला कुऱ्हाड लागलेली नाही. देवाचा धाक पुरतो. धाक पुरेनासा झाला की देवळाच्या नव्या स्लॅबसाठी झाडं विकली जातात, तेही शेजारच्या गावात झालंय. आणि धबधब्यावर बाटल्या फोडणाऱ्यांना कुठला हक्क द्यायचा? पावसाळ्यात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या धबधब्यावर बंदी येते ती उगाच नाही. तरी मला वाटतं, बाटल्या फोडणारे गाडीने येतात आणि गेट बसतं ते पायी जाणाऱ्यांना.

कलम 5 चा दावा अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. मे धरला तर दिवाळीच्या आसपास मुदत सरते. पाखाडीच्या पलीकडे दोन घरांची भातखाचरं आहेत, म्हणजे ‘काम असलेली’ माणसं गावात आहेत. त्यातल्या एकाने गेटवाल्याकडे कलमं राखायची नोकरी धरली आहे, दुसरा बोरिवलीला असतो. ग्रामपंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत पाखाडी आहे का, ते काका बघून येणार आहेत. अर्ज मी लिहून ठेवला आहे. सही माझी चालणार नाही, कारण आमच्या सातबारावर अजून आजोबांचंच नाव आहे, आणि माझं परतीचं विमान गौरी-विसर्जनानंतर लगेच होतं.