फोगच्या नोंदी जुळवताना

थरच्या वाळवंटात वाढणारा फोग म्हणजे जवळजवळ बिनपानांचं झुडूप, हिरव्या काड्याच पानांचं काम करतात. राजस्थानात त्याच्या कळ्यांचं, म्हणजे फोगल्याचं, रायतं करतात. मुळं मात्र सरपणाला आणि कोळशाला खणून नेतात. एकदा मूळ गेलं की तिथे फोग होता हे सांगायला हर्बेरियमची, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातली, लेबल लावलेली शीटच उरते. प्रबंधासाठी मी या शीटच्या नोंदी गोळा करायला घेतल्या.

ऑनलाइन नोंदी उतरवून नकाशावर टाकल्या, तर एक ठिपका नॉर्वेच्या उत्तर टोकाला! अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली होती. 26.9 उत्तर, 70.9 पूर्व हे जैसलमेर; आकडे उलटे पडले की थेट आर्क्टिक. ते पटकन सुटलं.

तारखेने मात्र दमवलं. एका संग्रहाच्या नोंदीत 2 ऑगस्ट होतं आणि शेऱ्यात ‘फुलं’. फोग फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. मनाला पटेना म्हणून परवानगी काढून शीट बघायला गेले. फोल्डर उघडताच नॅफ्थलीनचा वास आला. आत केरसुणीच्या काड्यांसारख्या वाळक्या फांद्या, दोऱ्याने शिवलेल्या. भिंग धरलं तर पेरापेराशी बारीक फुलं होती. लेबलवर शाईत 8-2 लिहिलेलं. आठ फेब्रुवारी! नोंद करणाऱ्याने महिना आधी वाचला होता. कोपऱ्यातल्या कागदी पाकिटात गळलेली फळं होती, लालसर केसांची. कॅलिगोनम या फोगच्या गटातल्या जाती ओळखताना या केसांवर फार भिस्त असते, त्यामुळे ते पाकीट मी श्वास रोखूनच उघडलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला ठिकाणं शोधण्यात. ब्लॅटर आणि हॉलबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1918 पासून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये जोधपूर-जैसलमेरच्या वनस्पतींची यादी छापली. तिच्यातली गावांची नावं आजच्या नकाशाशी ताडून बघणं हेच आठवड्यांचं काम झालं. शिवाय काही लेबलांवर नुसतंच ‘जैसलमेर’. आजचा जिल्हाच 38,401 चौरस किलोमीटरचा, ठिपका ठेवायचा कुठे? अशा नोंदींना बिंदूबरोबर त्रिज्याही लिहिली, म्हणजे खरं ठिकाण बिंदूपासून किती दूर असू शकतं ते. मोघम म्हणून त्या फेकून द्यायला माझं मन तयार नव्हतं. एकाच झुडपाच्या दोन संग्रहांत गेलेल्या प्रती संग्राहकाच्या क्रमांकावरून ओळखल्या आणि एकच नोंद धरली.

या फेब्रुवारीत जैसलमेरजवळ मी स्वतः एक फांदी दाबली. लेबलवर गाव, रस्त्यापासूनचं अंतर, जीपीएसचे आकडे, टेकडीची कुठली बाजू, आसपास किती झुडपं आणि किती खणलेले खड्डे, सगळं लिहिलं. महिना अक्षरात.