तुम्ही विचारलंत म्हणून: विसरलेली गाणी कशासाठी शोधायची?

‘ही गाणी खरोखर चांगली असती तर टिकली असती ना?’ हा प्रश्न लग्नकार्यात, जुन्या सहकाऱ्यांच्या भेटीत आणि घरी आलेल्या भाच्यांच्या तोंडून मला इतक्या वेळा ऐकावा लागला आहे की, त्याचे उत्तर एकदा नीट लिहून द्यावे असे वाटू लागले. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. हाताशी लता मंगेशकर, आशा भोसले, सुधीर फडके असताना, जिचे नावही कुणाला ठाऊक नाही अशा एखाद्या गायिकेच्या चरे पडलेल्या तबकडीसाठी हा माणूस पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार आणि रविवार का घालवतो, हे त्याला खरोखरच उमगत नसते. मी आजवर ‘आवड असते एकेकाची’ असे म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते.

आधी टिकण्याविषयी. गाणे टिकते ते त्याच्या गुणामुळे, हा समज मला मान्य नाही. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेपासून बनत असे. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे आणि हातातून निसटली की तिचे तुकडे होत. पुढे लाँग प्ले आणि लहान ईपी तबकड्या आल्या तेव्हा कंपन्यांनी जुन्यातली निवडक गाणी नव्या तबकड्यांवर घेतली. जी त्या वेळी मागे राहिली ती कॅसेटवर आली नाहीत, कॅसेटवर नव्हती म्हणून सीडीवर आली नाहीत आणि म्हणूनच आज तुमच्या मोबाइलवरही नाहीत. नभोवाणीवरच्या ‘आपली आवड’सारख्या कार्यक्रमात श्रोते फर्माईश करत ती ऐकलेल्या गाण्याचीच, जे लागे त्याचीच पत्रे येत आणि ज्याची पत्रे येत तेच पुन्हा लागे. श्रोत्यांनी या गाण्यांना नापसंत केले असे कुठे घडलेच नाही. त्यांना पुन्हा कुणी विचारलेच नाही.

‘इतनी शक्ती हमें देना दाता’ ही १९८६ च्या ‘अंकुश’ चित्रपटातली प्रार्थना देशभरातल्या शाळांत म्हटली जाते. ती सुषमा श्रेष्ठ यांच्याबरोबर पुष्पा पागधरे यांनी गायली आहे, हे मी सांगितले की समोरचा चकित होतो. गाणे टिकले, आवाज घराघरांत राहिला आणि नाव मात्र गळून पडले. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ जी. एन. जोशी यांच्या आवाजामुळे सर्वतोमुखी झाली. त्याच कवीचे ‘मन पिसाट माझे अडले रे’ यशवंत देव यांच्या चालीत कृष्णा कल्ले यांनी गायले आहे. त्यातली ओढ ऐकताना मला अजूनही श्वास रोखावा लागतो, पण दहा जणांच्या बैठकीत ते माहीत असलेले एक-दोनच निघतात. ‘गीतरामायणा’चेच पाहा. १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते सुरू झाले तेव्हा त्यात माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे अशा अनेकांचे आवाज होते. आज तुमच्या कानांत ते केवळ बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडके यांच्या, आवाजात आहे. बाबूजींविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु एका थोर आवाजाखाली इतर आवाज झाकले जातात आणि ते झाकले गेल्याचे कुणाला जाणवतही नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

एके काळी मी येथेच थांबत असे. ‘मी वारसा जपतो आहे,’ असे ठासून सांगत असे. आज माझ्या त्या जुन्या स्वतःशी माझे पटत नाही. वारसा जपण्याचे काम रीतसर करणारे लोक आहेत. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी तबकड्यांचे क्रमांक, लेबले, गायकांची माहिती यांची ज्या चिकाटीने नोंद केली, तसे माझ्या हातून काही झालेले नाही. माझ्याकडे यादीसुद्धा धड नाही. मी शोधतो ते स्वतःसाठी, आणि त्यामागचे कारण संगीताहून आठवणीशी अधिक जवळचे आहे.

‘केशवा माधवा’ मी शाळेत, गणपतीच्या मांडवात, एसटी स्थानकावर, शेजाऱ्यांच्या खिडकीतून, पुढे मुलांच्या स्नेहसंमेलनातही ऐकले. सुमन कल्याणपूर यांचा तो स्वर मला अतिशय प्रिय आहे, पण तो ऐकून मला कोणताही एक दिवस आठवत नाही. इतके दिवस त्याला चिकटले आहेत की एकही वेगळा काढता येत नाही. याउलट जे गाणे लहानपणी मोजक्या वेळा ऐकले आणि नंतर कित्येक दशके कानांवर आलेच नाही, त्याच्यावर पुढच्या आयुष्याचा थर चढलेला नसतो. ते अचानक ऐकू आले की तो काळ नको असलेल्या तपशिलांसकट समोर उभा राहतो. ‘जुन्या आठवणींनी छान वाटत असेल,’ असे तुम्ही म्हणता तेव्हा मी गप्प राहतो, कारण नेहमी छान वाटत नाही. एकदा काय झाले ते सांगितल्याशिवाय हे कळणार नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही कऱ्हाडला राहत होतो. ताई माझ्याहून बरीच मोठी. ती कॉलेजात आणि मी प्राथमिक शाळेच्या शेवटच्या इयत्तांत. रेडिओवरची आवडती गाणी आम्ही वडिलांच्या जुन्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानापासून उतरवून घेत असू. एका माणसाच्या हाताला गाण्याचा वेग गाठता येत नसे, म्हणून अंतऱ्याची एक ओळ ताईने आणि पुढची मी, अशी वाटणी असे. एक गाणे क्वचितच लागे. त्याचे नाव मी येथे देणार नाही, कारण ताई हे वाचणार आहे आणि ते गाणे कोणते याविषयीच आमच्यात वाद आहे. त्याच्या दुसऱ्या अंतऱ्याची शेवटची ओळ आम्हाला कधीच मिळाली नाही. कधी नेमकी तेव्हा खरखर सुरू होई, एकदा दारात दूधवाला आला, एकदा वडिलांनी बातम्यांसाठी केंद्र बदलले. वहीत तेवढी जागा कोरी राहिली.

मग ताईला पाहायला पाहुणे आले. पोहे झाले, विचारपूस झाली आणि मुलगी गाते असे ऐकले आहे, तेव्हा काही म्हणून दाखवावे, अशी सूचना झाली. ताईने हेच गाणे म्हटले. माजघराच्या दारात उभा राहून मी मनातल्या मनात वही उलगडत होतो आणि दुसऱ्या अंतऱ्याशी ती थांबणार म्हणून माझे हातपाय गार पडले होते. ती थांबली नाही. ‘उंबऱ्यापाशी वाट थांबली, पाऊल निघून गेले’ अशी एक ओळ चालीत चपखल बसवून ती ध्रुवपदावर आली. ती ओळ वहीत नव्हती आणि हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होते. मुलाचे वडील म्हणाले, “गळा गोड आहे. आमच्याकडे मात्र गाण्याबिण्याची कुणाला सवय नाही.” त्यावर आमचे वडील लगेच म्हणाले, “सवय काय, संसारात पडली की आपोआप मोडते.” सगळे हसले. ताईने रिकाम्या बशा उचलल्या आणि ती आत गेली.

कृपा करून ताईच्या सासरच्यांना यात खलनायक करू नका. तिचे यजमान अतिशय सालस होते. तिला बरे वाटावे म्हणून त्यांनी पहिल्या दिवाळीला ट्रान्झिस्टर आणला होता. गाऊ नकोस असे तिला तिथे कुणीही म्हटले नाही. ती स्वतःही ‘मला कुणी थांबवलं नाही, मीच थांबले,’ असे सांगते. पण त्या दिवसानंतर आरतीखेरीज तिचा आवाज मी ऐकला नाही आणि वडिलांचे ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. वडील वारल्यावरही नाही.

पुष्कळ वर्षांनी, आवराआवर चाललेल्या एका जुन्या वाड्यातून आलेल्या खोक्यात मला ती तबकडी सापडली. कागदी पाकीट फाटलेले, लेबल काळवंडलेले. गायिकेचे नाव आणि गाण्याच्या मुखड्याचे चार शब्द तेवढे वाचता येत होते. या तबकड्यांची खाच रुंद असते, त्यामुळे लाँग प्लेच्या बारीक सुईने त्या वाजवल्या तर आवाजापेक्षा खरखरच जास्त येते. म्हणून मी जाड सुई लावली. वेगाचाही प्रश्न असतो. नावाला ७८ फेऱ्या असल्या तरी सगळ्या तबकड्या नेमक्या त्याच वेगाने भरलेल्या नसत आणि यंत्र थोडे जरी वेगात फिरले तरी बाईंचा आवाज चिरका होऊन पट्टी पेटीच्या दोन स्वरांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळते. पेटी जवळ घेऊन, सा धरून, वेग कमी करत करत तो स्वर काळी चारवर आणला तेव्हा तो आवाज ओळखीचा झाला. दुसऱ्या अंतऱ्याला मी श्वास धरून बसलो होतो. शेवटची ओळ आली आणि ती अगदी साधी निघाली: प्रियकराची वाट पाहणे, दारातला दिवा, एवढेच. ताईची ओळ तिच्याहून कितीतरी सरस होती.

भाऊबीजेला ताई आली तेव्हा मी काही न सांगता ते गाणे लावले. तिने ते शेवटपर्यंत शांतपणे ऐकले आणि म्हणाली, “छान आहे. कुणाचं रे?”

“ताई, आपण वहीत उतरवलं होतं हे.”

“आपण पुष्कळ गाणी उतरवायचो.”

“तुला पाहायला आले तेव्हा तू हेच म्हटलं होतंस.”

“छे! तेव्हा मी अभंग म्हटला होता. आईनंच बजावलं होतं, अभंग म्हण म्हणून.”

मी तिला तिची ओळ म्हणून दाखवली. ती माझ्याकडे कौतुकाने पाहू लागली. “ही तुझीच असणार. तुला लहानपणापासून असलं काहीबाही सुचायचं.” मग मी वडिलांचे वाक्य सांगितले. त्यावर ती जराशी तुटकपणे म्हणाली, “बाबा असं कधी बोलायचेच नाहीत.” आणि फराळाचे ताट तिने स्वतःच पुढे ओढले.

वही आमच्याकडे नाही; घर विकले तेव्हा ती रद्दीत गेली. तिथे हजर असलेल्यांपैकी आम्ही दोघेच उरलो आहोत. मी या गोष्टीचा सर्व बाजूंनी विचार केला आहे. ताई खरोखर विसरली असेल. विसरल्याचे दाखवत असेल, आणि तिला तसा पूर्ण अधिकार आहे. किंवा तिचेच बरोबर असेल. तिने अभंगच म्हटला असेल, वडिलांचे ते बोलणे दुसऱ्याच कुणाच्या तोंडून दुसऱ्याच कुठल्या घरात मी ऐकले असेल आणि ती ओळही पुढे कधीतरी मीच रचून तिच्या नावावर घातली असेल. ज्या आठवणीवर थर चढत नाही ती शुद्ध राहते, असे वर मी मोठ्या विश्वासाने लिहिले आहे. ते वाक्य मला मागे घ्यावेसे वाटत नाही, पण आता त्यावर माझा पूर्वीइतका भरवसाही उरलेला नाही. त्या खोलीतल्या पितळी समईची वात कोणत्या बाजूला होती हे मला दिसते. ताईने काय म्हटले ते मला ऐकू येते. तिला यातले काहीच दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, आणि तो दिवस तर तिचा होता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच आहे की, ही गाणी थोर आहेत म्हणून मी ती शोधतो असे नाही. काही थोर आहेत, काही सामान्य आहेत. एखाद्या सामान्य गाण्यातही कुणाचे तरी अख्खे घर अडकलेले असते आणि ते गाणे मिळेपर्यंत तिथे परत जाता येत नाही. परत गेल्यावर दार कुणी उघडेलच, याची खात्री मी देत नाही.

त्या भाऊबीजेनंतर काही आठवड्यांनी ताईचा फोन आला. नातवंडांचे, गुडघ्यांचे बोलून झाल्यावर तिने विचारले, “त्या बाई पुढं गायल्या का रे?” मला ते सांगता आले नाही. त्यांच्या दोन तबकड्या मला ठाऊक आहेत आणि त्यानंतर त्या नावाची काहीच खूण नाही. जुन्या तबकड्यांवर माणिक दादरकर म्हणून ज्या भेटतात त्याच माणिक वर्मा, आणि माहेरच्या दुर्गा केळेकर त्याच ज्योत्स्ना भोळे, हे आपल्याला माहीत आहे, कारण त्या गात राहिल्या. ज्यांचे गाणे लग्नानंतर थांबले त्यांची तबकडी एका नावाने आणि उरलेले सारे आयुष्य दुसऱ्या नावाने, त्यामुळे माग मध्येच तुटतो. सध्या मी त्या बाईंचे दुसरे नाव शोधतो आहे. तुमच्या आजीने, काकूने किंवा शेजारच्या एखाद्या वयस्कर बाईंनी लग्नाआधी एखादी रेकॉर्ड भरली होती असे कधी कानांवर आले असेल, तर त्यांचे माहेरचे नाव मला जरूर कळवा. तबकडी फुटलेली असली तरी चालेल. लेबलावरचा क्रमांक वाचता आला की पुरे.