चढणीचे मासे

काल मामांबरोबर कोयनेच्या खोऱ्यात, हेळवाकच्या पुढच्या एका ओढ्यावर गेलो होतो. मृगाचा पहिला दणका बसला आणि मासे अंडी घालायला ओढ्यानं वर चढायला लागलेत.

बंधारा जेमतेम कमरेइतका. मासे उडी मारतायत, भिंतीवर आपटतायत, मागं जाऊन पुन्हा उडी. खाली पोरं पाग (फेकायचं जाळं) आणि जुन्या मच्छरदाण्या घेऊन तयारच. (लहानपणी मीही तिथंच टोपली लावून उभा असायचो, त्यामुळं जास्त बोलायची सोय नाही.) मामा मात्र बोललेच, "आरं, पोटात गाभोळी हाय त्येंच्या. आज कालवण खाशीला, फुडच्या साली काय खानार?"

कोयना अभयारण्य १९८५ चं, सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० चा. बोलणं सगळं वाघाचं. पण जंगल माती धरून ठेवतं म्हणून ओढ्याच्या तळाची खडी स्वच्छ राहते आणि खडस, म्हणजे आपला महसीर, अंडी घालतो ती अशाच वाहत्या पाण्यात. गाळ बसला की अंडी गुदमरतात. काल डोळ्यांनी बघितलं: रानातून येणारा ओढ्याचा फाटा तासाभरात निवळला, रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिकडचा संध्याकाळपर्यंत लालच.

कोयनेचं १०३ मीटरचं धरण काही हलणार नाही. पण या कमरेएवढ्या भिंतीला एका कडेनं माशांना चढायला दगडांच्या पायऱ्या रचायला कितीसा खर्च येतो? निघताना मामांनी चार मोठे धोंडे कडेला लोटून ठेवले. कंबर धरून बसलेत आज.